दुपारी दोन ते चार

तीन दिवस पाण्यात भिजलेल्या गव्हाला जो आंबूस, दुधट, किंचित ओशाळवाणा वास येतो, तो माझ्या मनात बॅडमिंटनचा वास म्हणून कायमचा बसला आहे. इतरांच्या आठवणीतल्या खेळाला घामाचा, मातीचा, नव्या चेंडूच्या चामड्याचा वास असतो. माझ्या खेळाला गव्हाच्या चिकाचा वास आहे, त्याच्या पाठीमागे तापलेल्या सिमेंटचा, आणि वारा कारखान्याकडून वाहू लागला की त्या दोहोंवर साय धरावी तसा मळीचा. हा वास मला प्रिय नाही. हे आरंभीच सांगून ठेवते, कारण उतारवयात आठवणी लिहायला बसलेल्या बाईकडून लोक गोडव्याची अपेक्षा धरतात. इतर प्रकरणांतून तो त्यांना मिळाला असेल. इथे मिळणार नाही.

श्रीगोंद्याच्या बाजूला, उसाने चहूकडून दाटून धरलेल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाचा रस त्यांनी घरी कधी प्यायल्याचं मला स्मरत नाही. रस ही त्यांच्या लेखी काचेच्या नळीत मोजायची गोष्ट होती. हंगामात त्यांची पाळी आठवड्याआठवड्याला बदले आणि पाळीबरोबर आमचं घर कूस बदले. भोंगा झाला की चुलीवर काय चढायचं ते ठरे. रात्रपाळी असली की दिवसभर घरात कुजबुजीचं राज्य. अण्णांची झोप ही आमच्या दोन खोल्यांतली सर्वांत वडीलधारी व्यक्ती होती. तिच्यासमोर बादलीची कडी वाजायची नाही, पाट सरकवायचा नाही, फोडणी चरचरली तर आई तिच्यावर घाईने झाकण ठेवायची. आई बेलापूरची, शेतकऱ्याघरची, या बांधावरून त्या बांधाला हाक मारणाऱ्या घशाची. तिला कुजबुज साधत नसे. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळता वळता ती हळू बोलू पाही आणि तो हळू आवाज तीन घरं पलीकडे पोचे. "आगं, हळूच तर बोलतीय की मी!" असं ती ओरडून सांगे, आणि आतल्या खोलीत अण्णा कूस बदलत. खाटेची ती करकर ऐकली की आम्ही दोघी गुन्हेगारासारख्या लसणाच्या वासात उभ्या राहत असू.

वसाहतीच्या टोकाला क्लब होता. क्लब म्हणजे पत्ते आणि कॅरमची एक खोली, तिच्यामागे चहापाण्याची छोटी खोली, आणि बाजूला बॅडमिंटनचं कोर्ट: चार उंच भिंती, खाली घोटून गुळगुळीत केलेलं सिमेंट, वर उघडं आभाळ. दारावर निळ्या रंगात पाटी होती. सकाळी सहा ते आठ, सभासद. दुपारी दोन ते चार, महिला व मुली. सायंकाळी पाच ते नऊ, सभासद. सभासद म्हणजे पुरुष, हे वेगळं लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. आणि दुपारी दोन ते चार ही वेळ ज्याने आम्हांला बहाल केली, त्याने त्या वेळी त्या सिमेंटवर कधी अनवाणी पाऊल ठेवून पाहिलं नव्हतं. माघातसुद्धा तिथे पाय पोळत. चैत्रात कॅनव्हासच्या बुटांचे तळवे मऊ होऊन जमिनीला चिकटत आणि प्रत्येक पावलाला चुटकी वाजवल्यासारखा आवाज येई. ज्या घटकेला कुत्रं भिंतीच्या सावलीला जीभ काढून पडतं, ती घटका आमची.

तरीही मी जात होते. माझी शाळा सकाळची. दीडला घरी येऊन भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीशी उभ्याउभ्याच खायचा, डोक्याला ओला पंचा गुंडाळायचा आणि निघायचं. सोबतीला फिटरची शैला, डावखुरी, दांडगी, हरली की रॅकेट भिंतीवर आपटणारी. आई दारातून ओरडायची, "कुंदे, करपून कोळसा व्हशील! मंग तुला कोळशाच्या वखारीवालाच बगावा लागंल!" मी मागे वळून पाहत नसे. सूर्य डोक्यावरून किंचित कलता झालेला असे, आणि वर उडालेलं बॅडमिंटनचं फूल नेमकं त्याच्या तोंडात शिरून नाहीसं होई. दिसत नसल्यामुळे मी ते ऐकायला शिकले. शैलाच्या रॅकेटवरून सुटताना ते जो उच्चार करी त्यावरून ते कुठे पडणार हे मला कळू लागलं. भरीव 'टप्' असला तर मागे, कोरडा 'टिक्' असला तर नेटजवळ. पुढे कवितेचे छंद शिकताना गुरुजींनी माझ्या कानाचं कौतुक केलं. तो कान त्या उन्हाने घडवला होता.

अण्णा फार सुरेख खेळत. हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सारं लिहिणं अर्धवट ठरेल. दिवसपाळी असली की चारला सुटून ते पाचला पांढऱ्या पॅन्टीत कोर्टावर हजर असत. मी दाराच्या फटीला डोळा लावून पाहत असे. घरात जड, मुका वाटणारा हा माणूस तिथे वजन टाकून द्यायचा. त्यांचा खांदा हलतच नसे. मनगटात काहीतरी सरकायचं आणि पलीकडचा माणूस चुकीच्या दिशेला धावत सुटायचा. पण तीन आठवड्यांतला हा एकच आठवडा. दुपारी चारला सुरू होणाऱ्या पाळीत कोर्ट गाठता येत नसे, आणि रात्रपाळीत संध्याकाळी उठून आंघोळ, जेवण, कसंबसं अर्धा तास. ते कधी तक्रार करत नसत. फक्त पाळीचा कागद लागला की तो वाचून झाल्यावर अंगठ्याने आपलं उजवं मनगट चोळत बसत.

मी खेळते हे त्यांना ठाऊक होतं. याविषयी कुणी पुढे माझ्याशी वाद घातला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. एकदा मी परसात हवेतच रॅकेट फिरवत होते, तेव्हा ते दात घासता घासता थांबले आणि ब्रश तोंडात धरूनच म्हणाले, "खांदा नाही. मनगट." दुसऱ्या दिवशी माझ्यामागे उभं राहून त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरून दाखवलं. दिवाळीनंतर त्यांनीच त्यांची जुनी रॅकेट नगरला नेऊन तिची जाळी नव्याने ओवून आणली आणि माझ्या दप्तरावर ठेवली. अधूनमधून जेवताना विचारायचे, "बॅकहँड बसला?" आमच्या दोघांतलं सगळं संभाषण जवळजवळ एवढंच होतं, आणि मला ते पुरत होतं. तालुक्याच्या स्पर्धेत मी पहिली आले तेव्हा खेळाच्या सरांनी सांगितलं की पावसाळ्यानंतर नगरला जिल्ह्याची निवड आहे, तोवर एक दिवसही सराव चुकवायचा नाही. अण्णांनी ऐकलं आणि मान हलवली. शाळेला मैदान होतं ते मुलांच्या कबड्डीचं. माझ्याकडे जगातली एकच जागा होती, ती पोळणारी, दोन तासांची. ती गेली तर नगर गेलं, हे मला जितकं ठाऊक होतं तितकंच अण्णांनाही.

आता मी नगरला, सावेडीत राहते. घराजवळच्या बागेत लोखंडी व्यायामसाधनं बसवली आहेत. पहाटे मी फिरायला जाते तेव्हा त्यांवर पुरुष बसलेले असतात. ते व्यायाम करत असतातच असं नाही. एकजण पाय ओढायच्या यंत्रावर बसून वर्तमानपत्र वाचतो, दुसरा खांद्याच्या चाकावर पिशवी अडकवून राजकारण सांगतो. बायका साडीवर बूट घालून बागेच्या कडेकडेने फेऱ्या मारत राहतात. मागच्या महिन्यात मी त्या वर्तमानपत्रवाल्यांना म्हटलं, "उठा, मला करायचं आहे." ते म्हणाले, "आजी, तुम्हांला झेपणार नाही हे." मी म्हटलं, "तुम्हांला झेपतंय असं दिसत नाही." ते उठले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच होते. सून पोहायला जाते तिथे बायकांची वेळ कोणती, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बारा ते एक, आई. त्या वेळी गर्दी नसते ना." गर्दी का नसते, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं, आणि सांगायचं मला जिवावर आलं.

त्या वर्षी फाल्गुन सरता सरता क्लबचे सेक्रेटरी शेटेसाहेब आमच्या अंगणाशी थांबले. कारखान्याच्या ऑफिसात ते मोठे कारकून होते. बोलणं तुपात घोळलेलं, मिशी कातरलेली, खिशाला दोन पेनं. आई गव्हाच्या पातेल्यातलं पाणी बदलत होती.

"काय वहिनी, कुरडयांचा घाट वाटतं?"

"व्हय. पन घालायच्या कुटं? अंगनात कोंबड्या, वर चिमनीची काजळी. गेल्या साली पांढऱ्या कुरडया घातल्या आन् काळ्या उचलल्या."

"अहो, मग आपलं कोर्ट आहे की! भिंती आहेत, धूळ नाही, काजळीही तिकडे जात नाही. सकाळी आठला आमचा खेळ संपतो. लोटून पुसून घ्या आणि खुशाल घाला वाळवण. नाहीतरी दुपारची वेळ तुमचीच. आम्ही काय परके आहोत?"

ते गेल्यावर आई म्हणाली, "लई देवमानूस." आणि दोन तासांत तिने ही बातमी सबंध वसाहतीला, अर्थातच हळू आवाजात, सांगून टाकली.

मी भांडले. "आई, मग मी खेळू कुठं?"

"आर्दं तुला, आर्दं मला. नेटच्या अलीकडं कुरडया, पलीकडं तू."

"बॅडमिंटन नेटच्या एकाच बाजूला खेळत नसतात."

"नसत्याल. कुरडया वाळत्यात."

मार्ग शैलाने काढला. तिने सुताने कोर्टाचे उभे दोन भाग पाडले. डावीकडे पातळ लुगड्यांवर कुरडया, सांडगे, शेवया, उजवीकडे आम्ही. अर्ध्या रुंदीचा तो पट्टा गल्लीसारखा अरुंद होता. फूल वाकडं गेलं की थेट ओल्या कुरडईत रुतायचं आणि आईचा हात खराट्याकडे जायचा. पंधरा दिवसांत माझा फटका सुतासारखा सरळ झाला. त्या दिवसांत शरीराला आलेली धार नंतर कधीच आली नाही. सकाळी पातेल्यात रटरटणारा चीक आई मला वाटीत द्यायची, वर दूध आणि साखर, गरम, घशाला चिकटत उतरणारा. तो पोटात घेऊन मी दोनदोन तास धावत असे.

आणि बायका. भिंतीच्या हातभर सावलीत त्या वाळवणाची राखण करत ओळीने बसायच्या. कावळे हाकलायला आईने एकदा माझी रॅकेट उचलली, आणि कावळा उडाल्यावर तिच्या लक्षात आलं की ही वस्तू हातात चांगली बसते. "टाक गं ते फूल हिकडं," ती शैलाला म्हणाली. पदर खोचला, पाय रोवले आणि असा तडाखा दिला की फूल भिंतीपलीकडच्या उसात गेलं. बायका हसून हसून लोळल्या. मग रोजचंच झालं. शैलाची आई, फिटरकाकू, जाडजूड बाई, नेटजवळ खांबासारखी उभी राहून काही सुटू देत नसे. आई तिला शिकवायची, "आगं, गोंजारतीस काय! कावळ्याला मारल्यागत मार!" पायांना पोतेऱ्याच्या पट्ट्या बांधून, घामाने कपाळीची कुंकवं वितळून नाकावर उतरलेली, त्या आठदहा बायका पाळीपाळीने खेळत होत्या. त्यांतली एकही लहानपणानंतर कधी धावली नव्हती. मी हे सारं पाहिलं आहे. वसाहतीच्या इतिहासात त्या कोर्टाचा इतका वापर बायकांनी कधी केला नव्हता, आणि नंतरही केला नाही.

त्याच आठवड्यात शेटेसाहेब नोंदवही घेऊन स्वतः कोर्टाच्या दाराशी आले. एरवी ही वही पत्त्यांच्या खोलीत टेबलावर असे. तिथे बनियनवर बसलेल्या पुरुषांच्या मधून जाऊन सही करायची कुणा मुलीची छाती नव्हती, म्हणून दिवाळीपासून मी आणि शैला खेळत होतो त्याची एकही नोंद तिच्यात नव्हती. "नियम आहे, वहिनी," शेटेसाहेब म्हणाले. "नाव, सही, आणि इथे प्रयोजन. म्हणजे कशासाठी आलात ते." मी पुढे झाले तर त्यांनी वही हसून बाजूला घेतली. "तुम्हां पोरींची कशाला? मोठ्यांची सही पुरे."

आई चौथी शिकलेली. अक्षर वळणदार, आणि त्याचा तिला अभिमान. तिने पेन घट्ट धरून नाव लिहिलं, सही केली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: कुरडई.

"आई, खेळ लिही ना," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"का म्हून? खेळाया आले का मी? कुरडया घालाया आले." ती मोठ्याने म्हणाली. "देवाच्या दारात आन् सहीच्या वहीत खोटं लिवू न्हाई."

तिचं पाहून बाकीच्यांनीही खरं ते लिहिलं. सांडगे. पापड. शेवया. शेटेसाहेब प्रत्येकीला "वा, छान अक्षर," म्हणत होते.

वैशाखात कोर्टाच्या भिंतीशी लोखंडी खांब आणि पत्र्यांची थप्पी येऊन पडली. छप्पर होणार होतं. क्लबने ते थंडीतच मंजूर करून घेतलं होतं, हे मला पुढे कळलं. मी आनंदाने वेडी झाले. शैला सुट्टीला मामाकडे गेली होती, म्हणून सांगायला अण्णाच होते. "अण्णा, आता दुपारी सावली होईल! फूल दिसेल मला!" ते बशीत चहा ओतत होते. हंगाम संपला होता, पुढच्या हंगामाचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर होता. ते म्हणाले, "हो. दुपारी फार चांगलं होईल आता खेळायला." किती दिवस मी ते वाक्य माझ्यासाठी उच्चारलेलं समजून जपलं होतं.

क्लबची सभा रविवारी सकाळी. पत्त्यांच्या खोलीत सतरंज्या, मागच्या खोलीत आम्ही बायका पोह्यांना. कांदा चिरण्याचा, शेंगदाणे तळण्याचा आवाज, आणि मधल्या उघड्या दारातून येणारं शेटेसाहेबांचं तुपाळ बोलणं.

"आता विषय, कोर्टाच्या वेळांचं फेरवाटप. छप्पर होतं आहे. पाळीवाल्या बंधूंना संध्याकाळी खेळता येत नाही, हा त्यांच्यावरचा जुना अन्याय आहे. दुपारची वेळ त्यांना द्यावी असा विचार आहे. अर्थात ती वेळ महिलांची. त्यांचा वापर असेल तर आपण हात लावणार नाही. मी माझ्या पदरचं काही बोलत नाही. वही बोलेल."

आणि ते वाचू लागले. सोमवार, कुरडई. मंगळवार, कुरडई. बुधवार, सांडगे. गुरुवार, कुरडई, पापड. आवाजात चढउतार नाही, चेहरा गंभीर. पहिल्या ओळीला कुणी हसलं नाही. चौथ्या ओळीला खोली फुटली.

"नेट काढून वलणी बांधा, साहेब!"

"आमच्या हिनं पापडाचा स्मॅश मारला असंल!"

"पुढच्या साली जिल्ह्याला कुरडईची टीम पाठवू!"

"बॅडमिंटन," शेटेसाहेबांनी वही मिटली, "निरंक."

आमच्या खोलीतल्या दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना मी अजून विसरलेले नाही. आई हसली नाही. झारा हातात तसाच, पोहे तळाशी लागत होते. "म्या लिवलं ते," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा हळू आवाज खरोखर हळू निघाला.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि आत गेले. सोळा वर्षांची होते. सतरंजीवर कपाने पडलेली वर्तुळं मला अजून दिसतात, कारण वर पाहायचं धैर्य व्हायला थोडा वेळ लागला.

"मी खेळत होते," मी म्हटलं. "मी आणि शैला. दिवाळीपासून रोज. बायकाही खेळल्या."

"बोल बेटा, बोल," शेटेसाहेब म्हणाले. "नोंद कुठं आहे?"

"तुम्हीच म्हणालात, पोरींची सही नको."

"मी?" त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले आणि खोलीकडे पाहिलं. खोली हसली.

मागून आईचा आवाज आला. ती दारात उभी होती, डोक्यावर पदर, हातात झारा. "खेळत हुती पोरगी. रोज. आन् आमी बी..."

"वहिनी," शेटेसाहेबांनी तिला मध्येच थांबवलं, अगदी आदराने. "सही तुमची. अक्षर तुमचं. तुम्ही लिहिलंत कुरडई. मग तुमची सही खोटी म्हणायची का?"

"सही खोटी न्हाई," आई म्हणाली. ज्या खरेपणाचा तिला अभिमान होता, त्याच्याच दोरीने तिला बांधून घातलं होतं. तिच्यामागे फिटरकाकू होती, ती खाली बसून कोथिंबीर निवडू लागली. बाकीच्यांचे नवरे समोर बसलेले होते.

शेटेसाहेबांना आता मजा वाटू लागली होती. ते वळले. "ठीक आहे, तोंडी साक्ष घेऊ. केमिस्टसाहेब, मुलगी तुमची. तुम्ही असत्य बोलणारे नाहीत, हे सगळा कारखाना जाणतो. तुम्ही हो म्हणा, दोन ते चार जशीच्या तशी ठेवतो. तुमच्या एका शब्दावर."

ते खरंच होतं. रसाच्या तपासणीत दशांशाचीही खोट अण्णांनी कधी लिहिली नव्हती. वरिष्ठांनी दडपण आणलं तरी नाही. म्हणून माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मी जिंकले असंच मला वाटलं. अण्णा भिंतीशी, खिडकीखाली, मांडी घालून बसले होते.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. पुढच्या हंगामात, चारच्या पाळीला जाण्याआधी आणि रात्रपाळीची झोप अर्ध्यावर मोडून, अण्णा दुपारी दोनला पांढरी पॅन्ट घालून निघत. नव्या पत्र्याखाली प्रत्येक फटका घुमून वसाहतभर ऐकू येई. भाकरी थापताना मला त्यांचा फटका इतरांतून ओळखू येत असे. नगरच्या निवडीला सरांनी दुसरी मुलगी पाठवली. सराव नाही तर कशाच्या जोरावर पाठवू, असं ते म्हणाले, आणि त्यांचं चुकलं नाही. आईने पुन्हा कुठल्याही वहीत आपल्या वळणदार अक्षरात काही लिहिलं नाही. बँकेतसुद्धा ती अंगठा पुढे करायची आणि कारकून चकित व्हायचा. मी कवितेकडे वळले. लोक म्हणतात, मैदान गेलं पण साहित्याला लाभ झाला. हे वाक्य सत्कारात ऐकलं की मला व्यासपीठावरून उठून जावंसं वाटतं. या अदलाबदलीला माझी संमती कुणी विचारली नव्हती. शेवटच्या वर्षांत अण्णा माझ्याकडे होते. टीव्हीवर एका मुलीचा सामना चालला होता. ते पुढे झुकून म्हणाले, "काय मनगट आहे पोरीचं!" मी टीव्ही बंद केला. त्यांची सेवा मी मनापासून केली, क्षमा केली नाही, आणि या दोन गोष्टी एका घरात सुखाने नांदू शकतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं होतं.

त्या खोलीत मात्र अजून सगळं व्हायचं होतं. पोहे करपल्याचा वास दारातून येत होता. खोलीतले सगळे चेहरे अण्णांकडे वळले होते, कुणाच्या ओठांवर हसू तसंच अर्धवट राहिलं होतं. अण्णांनी शेटेसाहेबांकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते आणि डाव्या अंगठ्याने मनगट चोळत होते, सावकाश, पाळीचा कागद वाचल्यावर चोळत तसं. मी दोन पावलं पुढे गेले. सभेला न विचारता, फक्त त्यांना, घरात विचारते तसं विचारलं.

"अण्णा, मी खेळत होते ना?"

त्यांनी मान वर केली. माझ्या डोळ्यांत पाहिलं. आवाज न चढवता, अगदी स्वच्छ उच्चारात, ते मला म्हणाले,

"नव्हतीस."